जुन्या स्लाइडवरून 'येंको' कमारो ओळखता येते का?

मृण्मयी_स

नमस्कार मंडळी. माझे मोठे काका १९६८ ते १९७० या काळात शिक्षणासाठी अमेरिकेत पिट्सबर्गला होते. त्यांनी तेथे काढलेल्या रंगीत स्लाइड्सची एक पेटी सध्या माझ्याकडे आली असून त्या स्कॅन करून, प्रत्येकीखाली योग्य ती ओळ लिहून कुटुंबातील सर्वांना द्याव्यात, असा विचार आहे. बहुतेक छायाचित्रे बर्फ, वसतिगृह आणि मित्रमंडळी यांची आहेत; मात्र दोन स्लाइड्समध्ये मोटारी आहेत आणि त्यांच्याबद्दल घरात दोन तट पडले आहेत.

पहिल्या स्लाइडमध्ये (हिला 'अ' म्हणू) एका मोकळ्या वाहनतळावर उभी असलेली निळी, दोन दरवाजांची शेवरोले कमारो आहे. छायाचित्र जवळजवळ काटकोनात, चालकाच्या बाजूने घेतलेले आहे. गाडीच्या अंगावर पांढरा पट्टा आहे, त्यावर काहीतरी अक्षरे असावीत असे वाटते, परंतु ती वाचता येत नाहीत. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर 'जुलै ६९' असा शिक्का आहे. माझा चुलतभाऊ ठामपणे म्हणतो की ही 'येंको' कमारो आहे, कारण पिट्सबर्गच्या जवळच कॅनन्सबर्ग येथे डॉन येंको यांची शेवरोलेची एजन्सी होती आणि तेथे साध्या गाड्यांना मोठे इंजिन बसवून विकत असत. वडिलांचे म्हणणे असे की पट्टे काय, कोणीही मारून घेतो.

दुसऱ्या स्लाइडमध्ये ('ब') लालसर कमारो समोरून, थोडी तिरकी दिसते. तिच्या मागे एका इमारतीवर मोठ्या अक्षरांची पाटी आहे. गंमत अशी की पाटीवरील बाकीची अक्षरे उलटी दिसतात आणि मधला इंग्रजी 'के' तेवढा सुलटा दिसतो. गाडीला पुढे नंबरप्लेट नाही, त्यामुळे ती नवी कोरी, विक्रीसाठी ठेवलेली असावी, असा आमचा कयास आहे.

छायाचित्रावरून अशा गाड्या खात्रीने ओळखता येतात का? येत असल्यास नेमके काय पाहावे?

स्टिअरिंगवाला

मृण्मयीताई, नावाच्या मागे लागण्यापूर्वी गाडी कोणत्या वर्षाची आहे, ते पक्के करा. पहिल्या पिढीच्या कमारोची तीनच वर्षे आहेत आणि ती ओळखणे सोपे आहे. १९६७ च्या गाडीच्या पुढच्या दाराच्या काचेला कोपऱ्यात एक छोटी तिकोनी, फिरणारी काच असते आणि बाजूच्या पत्र्यावर कोठेही दिवा नसतो. १९६८ मध्ये ती तिकोनी काच गेली आणि नव्या सुरक्षा नियमांमुळे पुढच्या-मागच्या मडगार्डांवर छोटे दिवे आले. १९६९ चा पत्राच निराळा आहे: चाकांच्या कमानींच्या वरून मागे ओढल्यासारख्या धारदार रेषा निघतात आणि मागच्या चाकाच्या पुढे उभ्या खाचा दिसतात. या तीन गोष्टी धूसर छायाचित्रातही सुटत नाहीत.

'अ' स्लाइडमधील गाडी १९६९ ची निघाली, तरच पट्ट्याचा विचार करण्यात अर्थ आहे, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. त्या वर्षी कंपनीकडूनच एक पट्टा मिळत असे, ज्याला शौकीन मंडळी 'हॉकी स्टिक' म्हणतात. तो मडगार्डच्या पुढच्या कडेवरून वर चढतो, मग मागे वळतो आणि दारावर निमुळता होत संपतो. एसएस ('सुपर स्पोर्ट', म्हणजे जोरकस) प्रकारच्या गाड्यांवर तो सर्रास असे. येंकोचा पट्टा दारावर थांबत नाही. तो पुढे मागच्या मडगार्डपर्यंत जातो आणि त्यातच येंकोचे नाव येते. त्यामुळे अक्षरे वाचता आली नाहीत तरी हरकत नाही. पट्टा कोठे संपतो, एवढेच आधी पाहा. दारावर संपत असेल, तर चुलतभावाची बाजू तेथेच पडली.

त्यानंतर बिल्ले पाहा. पुढच्या मडगार्डवर किंवा समोरच्या जाळीवर 'एसएस' असेल, तर ती ४२७ घनइंची इंजिनाची येंको नव्हे, कारण येंकोने १९६९ मध्ये मागवलेल्या कमारो एसएस प्रकारातल्या नव्हत्याच. येंकोकडे 'एसएस'च्या जागी '४२७' हा आकडा लावत असत, आणि तो बिल्ला इम्पालासारख्या मोठ्या शेवरोले गाड्यांवर येणाऱ्या जातीचा होता.

बॉनेटवर मागच्या, म्हणजे काचेच्या बाजूला उघडणारा फुगवटा असेल तर नोंद करा, पण त्याला फार भाव देऊ नका. तो येंकोच्या गाड्यांवर होता हे खरे, मात्र पैसे मोजून कोणीही तो एसएस किंवा झेड-२८ (कमारोचाच आणखी एक जोरकस प्रकार) वर मागवू शकत होता.

रंगाविषयी एक चांगली बातमी आहे. स्लाइड कोडाक्रोमची (कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म) असेल आणि अंधारात ठेवलेली असेल, तर तिचा निळा रंग बराचसा विश्वासार्ह मानता येतो. त्या काळच्या कागदी रंगीत प्रती मात्र लालसर-जांभळ्या पडतात आणि त्यांच्यावरून रंगाचे नाव सांगणे निरर्थक असते. येंकोच्या १९६९ च्या गाड्यांमध्ये 'ल मॉं ब्लू' हा निळा रंग होता, त्यामुळे रंग आड येत नाही; पण तोच निळा इतर असंख्य कमारोंवरही होता. चौकटीवरील शिक्का फिल्म धुतल्याचा महिना सांगतो, छायाचित्र काढल्याचा नव्हे. काही जण रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात ठेवत, त्यामुळे 'जुलै ६९' म्हणजे 'जुलैनंतरचे नाही' एवढाच अर्थ घ्यावा.

कोळसाबंदर

वरील प्रतिसाद योग्यच आहे. त्यात पार्श्वभूमीची थोडी भर घालतो, कारण ती कळल्याशिवाय छायाचित्रात काय शोधायचे, हे ठरत नाही.

शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिचा त्या काळी असा अंतर्गत नियम होता की कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार सोडून मध्यम आणि लहान आकाराच्या गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण साडेसहा लिटरपेक्षा, मोठे इंजिन बसवायचे नाही. १९७० च्या मॉडेलपासून हा नियम उठला. तोपर्यंत मात्र सात लिटरचे ४२७ इंजिन कॉर्व्हेटमध्ये आणि थोराड सेडानमध्ये मिळे, पण कमारोत मिळत नसे. ही फट एजन्सीवाल्यांनी हेरली. १९६७ आणि १९६८ मध्ये येंकोच्या कार्यशाळेत कमारोचे मूळचे इंजिन काढून तेथे ४२७ बसवले जात होते. १९६९ साठी येंकोने वेगळी वाट धरली. 'सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर', म्हणजेच 'कोपो', ही मूळची टॅक्सी, पोलीस अशा ताफ्याच्या खास मागण्यांसाठीची पद्धत होती. तिचा वापर करून ९५६१ या क्रमांकाखाली ४२५ अश्वशक्तीचे ४२७ इंजिन थेट कारखान्यातच बसवून घेतले गेले. त्याच्या जोडीला ९७३७ हा दुसरा क्रमांक होता, ज्यात ताशी १४० मैलांचा वेगमापक, जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आणि १५ इंची चाके येत.

आता यातील गंमत पाहा. १९६७ च्या गाडीवर एजन्सीने केलेले खरे काम बॉनेटखाली होते, म्हणजे छायाचित्रात न दिसणारे. १९६९ च्या गाडीचे इंजिन कारखान्याने बसवलेले असे आणि एजन्सीच्या वाट्याला आले ते पट्टे, बिल्ले, डोके टेकायच्या उशांवरची 'एसवायसी' (येंको सुपर कार) अक्षरे आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला इंजिनाच्या फेऱ्यांचा गोल मापक. म्हणजे जे दिसते, ते नेमके असे, की कोणीही विकत आणून चिकटवू शकेल. म्हणूनच वर्ष ठरवल्याशिवाय 'काय पाहावे' या प्रश्नाला उत्तर नाही.

याला एक बाजू आहे, जी वडिलांना सांगावी. आज लिलावात उभ्या असलेल्या गाडीवरील पट्ट्याला मी काडीची किंमत देत नाही, कारण आज त्या पट्ट्यापायी गाडीची किंमत कितीतरी पटींनी चढते. १९६९ च्या उन्हाळ्यातल्या वाहनतळावर तो पट्टा नकली मारण्यामागे हौसेपलीकडे कोणताही हेतू नव्हता. त्यामुळे त्या काळातील छायाचित्रातील पट्टा हा आजच्या गाडीवरील पट्ट्यापेक्षा बळकट पुरावा आहे. निर्णायक मात्र नाही.

आणखी एक मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. छायाचित्र खरोखर काटकोनातले असेल, तर कमारोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर १०८ इंच असते, हे धरून चाला. स्कॅनमध्ये ते अंतर किती पिक्सेल आहे ते मोजा, त्याला १०८ ने भागा आणि त्या प्रमाणावर रिमचा व्यास काढा. रिमची बाहेरची कड टायरच्या नावातील आकड्यापेक्षा सव्वा-दीड इंचाने मोठी असते, हे विसरू नका. म्हणजे १४ इंची चाक सव्वापंधराच्या आसपास आणि १५ इंची चाक सव्वासोळाच्या आसपास भरायला हवे. गाडी थोडी जरी तिरकी असेल, तरी चाकांमधील अंतर आखडते आणि चाकाची उंची मात्र तेवढीच राहते, त्यामुळे उत्तर फुगते. म्हणून आधी चाक स्कॅनमध्ये गोल दिसते की अंडाकृती, ते पाहून घ्या.

मृण्मयी_स

दोघांचेही मनापासून आभार. 'अ' स्लाइड पुन्हा जास्त तपशिलात स्कॅन केली आणि भिंग घेऊन मूळ स्लाइडही पाहिली. निरीक्षणे अशी:

गाडी १९६९ चीच आहे. मागच्या चाकाच्या पुढच्या उभ्या खाचा स्पष्ट दिसतात. पट्टा दारावर थांबत नाही, दाराची फट ओलांडून मागच्या मडगार्डवर जातो आणि तेथे त्याच्यात काहीतरी खंड पडल्यासारखा दिसतो. 'एसएस' कोठेही दिसत नाही. पुढच्या मडगार्डवर एक लहानसा चकाकता तुकडा आहे, पण त्यावर ऊन पडल्याने आकडा पांढरा फटक झाला आहे. दाराच्या काचेतून स्टिअरिंगच्या मागे, दांड्यावर, एक काळा गोल दिसतो. तो मापक की कोणाच्या हातमोज्याची सावली, हे मला सांगता येणार नाही.

चाकांमधील अंतर १९४० पिक्सेल आले, म्हणजे इंचाला अठरा पिक्सेलच्या जवळपास. मागच्या चाकाची रिम उभी मोजली तर २९३ आणि आडवी मोजली तर २९० पिक्सेल भरते. हिशेबाने सोळा इंचांहून थोडे जास्त होते. चाके राखाडी असून त्यांना पाच लांबट खाचा आणि बाहेर चकचकीत कडे आहे.

'ब' मधील गाडीला मात्र दाराच्या काचेत ती तिकोनी काच आहे आणि बाजूला दिवे नाहीत, म्हणजे १९६७. बॉनेटच्या मधोमध पुढे निमुळता होत जाणारा एक उंचवटा आहे. रेडिओची काठी चालकाच्या बाजूच्या मडगार्डवर आहे. ही पिट्सबर्गचीच असावी का?

जुने_लोखंड

'ब' स्लाइडबद्दल मी सांगतो, कारण पाटीचे वर्णन वाचताच राहवले नाही.

ताई, ती स्लाइड स्कॅनरमध्ये उलटी ठेवली गेली आहे. त्या कमारोची रेडिओची काठी पुढच्या उजव्या, म्हणजे चालकाच्या विरुद्ध बाजूच्या मडगार्डवर असते. तुमच्या चित्रात ज्या बाजूला काठी आहे, त्या बाजूला तुम्ही चालक धरला आहे, तो बहुधा अमेरिकन गाडीत चालक डावीकडे असतो म्हणून. आतले स्टिअरिंग नीट पाहिलेत, तर ते काठीच्या विरुद्ध बाजूला, पण अमेरिकन गाडीत नसते त्या कुशीला दिसेल. स्लाइड पलटा, म्हणजे सारे जागेवर येईल.

आणि पलटल्यावर पाटीवरचा 'के' उलटा होईल. तो तसाच होता! शिकागोमधील 'निकी शेवरोले' या एजन्सीने आपल्या नावातील 'के' मुद्दाम उलटा लिहून त्यालाच आपली खूण बनवले होते. तुमच्या पलटलेल्या चित्रात म्हणूनच तो एकटा सुलटा दिसतो आहे. पाटीत सहा इंग्रजी अक्षरे आहेत का आणि 'के' हे मूळ क्रमाने चौथे आहे का, एवढे पडताळून पाहा. त्यातील 'वाय' आणि 'आय' ही अक्षरे दोन्हीकडून सारखीच दिसतात, त्यामुळे उलटी दिसणारी अक्षरे तीनच असायला हवीत.

तेव्हा ते छायाचित्र पिट्सबर्गचे नसून शिकागोचे आहे. काकांनी त्या काळात तिकडे चक्कर मारली होती का, हे पत्रांतून किंवा इतर स्लाइड्सवरून कळेल. निकीने कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमच्या बिल थॉमस यांच्याबरोबर जोडीने १९६७ च्या कमारोंमध्ये ४२७ इंजिने बसवली, हे प्रसिद्धच आहे. तुम्ही वर्णन केलेला उंचवटा कॉर्व्हेटच्या धर्तीच्या 'स्टिंगर' बॉनेटसारखा वाटतो आणि तशी बॉनेटे अशा गाड्यांवर लावली जात होती. परंतु येथे मी हात आखडता घेईन. निकी ही मोठी एजन्सी होती आणि तिच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी बहुसंख्य अगदी साध्या, घरगुती शेवरोले असत. पाटी जागा सिद्ध करते, बॉनेट हौस सिद्ध करते आणि इंजिनाबद्दल दोघीही मौन पाळतात.

पुढची नंबरप्लेट नाही म्हणून गाडी नवी, हा कयासही जपून करावा. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत पुढे प्लेट लावावीच लागत नसे, त्यामुळे तेथून आलेली वापरातली गाडीही समोरून प्लेटविना दिसते. मागची बाजू दिसत असती, तर गोष्ट निराळी होती. इलिनॉयच्या प्लेटा त्या काळी दरवर्षी नव्या निघत आणि त्यांच्यावर वर्ष छापलेले असे, म्हणजे चौकटीवरच्या शिक्क्यापेक्षाही चांगली तारीख हाती लागली असती.

जाता जाता एक विषयाला धरूनच. या जातीच्या गाड्यांपैकी छायाचित्रातून ओळखण्यास सर्वांत अवघड म्हणजे मिशिगनच्या रॉयल ओक येथील 'रॉयल पाँटियाक' या पाँटियाक गाड्यांच्या एजन्सीच्या 'बॉबकॅट' गाड्या. त्यांचे काम म्हणजे सिलिंडर हेडखाली पातळ गॅस्केट, कार्ब्युरेटरचे बदललेले जेट, मॅनिफोल्ड तापवणारी वाट बंद करणे, इग्निशनची वेळ पुढे घेणे. बाहेरून दिसणार काय? एक बिल्ला, तोही असला तर. 'बॉबकॅट' हे नावसुद्धा सुरुवातीला 'बॉनव्हिल' आणि 'कॅटलिना' या गाड्यांवरच्या धातूच्या अक्षरांची जुळवाजुळव करून लावले गेले होते. तरीही पाँटियाकवाले सुखी, कारण त्यांच्या गाड्यांची कारखान्यातील बिले जपली गेली आहेत आणि गाडी कोणत्या एजन्सीला गेली, ते त्यांवरून कळते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळच्या शेवरोलेबाबत तशी सोय नाही. कॅनडात विकल्या गेलेल्यांबाबत आहे.

स्टिअरिंगवाला

जुने_लोखंड यांनी पाटीचा उलगडा झकास केला. आता 'अ' कडे.

तुमची मोजमापे १५ इंची चाकाकडे झुकतात आणि उभ्या-आडव्यातील फरक इतका कमी आहे की छायाचित्र काटकोनातले मानायला हरकत नाही. चाकांचे वर्णन शेवरोलेच्या 'रॅली' चाकांशी जुळते. मात्र १५ इंची रॅली चाके झेड-२८ वरही येत असत, हे लक्षात घ्यायला हवे. झेड-२८ च्या बॉनेटवर आणि डिकीवर दोन रुंद पट्टे असतात. बाजूने घेतलेल्या छायाचित्रातही बॉनेटच्या कडेला त्यांची एखादी पट्टी चमकते. तशी ती दिसत नसेल, तर झेड-२८ ची शक्यता बरीच घटते, पूर्ण जात नाही, कारण पट्टे न मारता गाडी देण्याची मुभा होती.

डोके टेकायच्या उशा दिसतात का, तेही पाहा. १ जानेवारी १९६९ पासून बनणाऱ्या गाड्यांना त्या सक्तीच्या झाल्या. त्या नसतील, तर गाडी १९६८ च्या अखेरीच्या महिन्यांत बनलेली आहे आणि मग ती येंको असण्याबद्दल मला शंका वाटेल. असतील, तर त्यांच्या पाठीवर पांढरे काही आहे का, ते मूळ स्लाइडवर भिंगाने शोधा. स्कॅनवर नको, कारण स्कॅनर काळ्या भागातला तपशील गिळतो.

चुलतभावाने गाडीच्या चासी क्रमांकाचा विषय काढला, तर त्याला सांगा की तो क्रमांक मिळाला असता तरी प्रश्न सुटला नसता. त्या वर्षीच्या कमारोच्या क्रमांकावरून इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, आणि गाडी ओहायोतल्या नॉरवुडची की कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसची, एवढेच कळते. ३०७ घनइंचांचे सौम्य इंजिन आणि ४२७ हे दोन्ही तेथे 'आठ सिलिंडर' म्हणूनच नोंदले जातात.

कोळसाबंदर

छायाचित्राखाली काय लिहावे, हा मूळ प्रश्न आहे, म्हणून माझे मत देतो. 'अ' खाली असे लिहा: '१९६९ ची शेवरोले कमारो, पिट्सबर्ग परिसर, जुलै १९६९ किंवा त्यापूर्वी; पट्टा आणि चाके येंको एजन्सीच्या गाडीशी जुळणारी.' परिसराबद्दलही खात्री नसेल, तर त्याच रोलमधील आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकाच्या स्लाइड्स पाहा. कोडॅकच्या चौकटींवर क्रमांक छापलेला असतो आणि शेजारच्या स्लाइडमध्ये ओळखीची इमारत सापडण्याची शक्यता बरी असते. 'ब' खाली 'निकी शेवरोलेसमोर १९६७ ची कमारो, शिकागो' एवढेच पुरे.

येंकोने १९६९ मध्ये केलेल्या कमारोंची संख्या दोनशेच्या आसपास मानली जाते आणि त्यांतील बऱ्याच इतर एजन्सींमार्फत दूरदूरच्या राज्यांत गेल्या. तरीही कॅनन्सबर्गपासून तासाभराच्या आत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यात त्यांतली एखादी सापडणे मुळीच नवलाचे नाही. मडगार्डवरच्या त्या चकाकत्या तुकड्याचे मात्र पुन्हा स्कॅन करा, आणि या वेळी उजेड दोन पायऱ्या कमी ठेवून. पांढरा फटक पडलेला भाग मूळ स्लाइडवर तसा असेलच असे नाही, कित्येकदा तो स्कॅनरनेच उडवलेला असतो.

मृण्मयी_स

पाटीत सहाच अक्षरे आहेत आणि 'के' मूळ क्रमाने चौथा येतो. स्लाइड पलटून पाहिली, स्टिअरिंगही डावीकडे आले. काकांच्या पेटीत त्याच रोलमधील मिशिगन सरोवराच्या काठाची दोन छायाचित्रे आहेत, ती आम्ही इतके दिवस समुद्राची समजत होतो. 'अ' मधील गाडीला उशा आहेत. त्यांच्यावर काही लिहिले आहे की नाही, ते दिसत नाही, कारण चित्र बाजूने आहे. बिल्ल्याचे स्कॅन कमी उजेडात करून येथे टाकते.